घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला गादी-उशी लागत नाही, धोंड्यावर डोके टेकले तरी झोप लागते, असा तिचा अर्थ. अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती आजही बऱ्याच अंशी खरी आहे. परंतु आमच्या उपनगरातील दवाखान्यात संध्याकाळी येणाऱ्या रुग्णांकडे पाहिले की वेगळे चित्र दिसते. घरात चांगली गादी आहे, पंखा आहे, काहींकडे वातानुकूलित यंत्रही आहे, आणि तरी झोप नाही. दुसरा प्रकार असा, की माणूस आठ तास झोपतो, पण सकाळी उठतो तो अंग मोडूनच.

झोपेच्या तक्रारीकडे पाहण्याच्या आपल्या दोन ठरलेल्या रीती आहेत. कोणी घोरत असेल तर त्याची चेष्टा करायची, आणि कोणाला झोप येत नसेल तर त्याने गोळी घ्यायची. माझ्या मते या दोन्ही रीती चुकीच्या आहेत व त्यांमुळे टाळता येण्यासारखे पुष्कळ नुकसान होते. रक्तदाब, मधुमेह यांविषयी आता गावोगावी जागृती झाली आहे. झोपेच्या विकारांविषयी मात्र ती अजून झालेली नाही. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

झोपेत काय घडते?

झोप म्हणजे शरीराचा दिवा मालवणे, असा समज आहे. वस्तुतः झोपेतही मेंदूचे काम चालू असते. साधारण दीड तासाचे एक चक्र, अशी चार-पाच चक्रे रात्रीत होतात. प्रत्येक चक्रात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असे टप्पे येतात. गाढ झोपेत शरीराची डागडुजी होते, रक्तदाब खाली येतो, मुलांमध्ये वाढीचे संप्रेरक स्रवते. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे कामही झोपेतच होते. ही चक्रे पुन्हापुन्हा तुटली, तर घड्याळात आठ तास भरूनही झोप पुरी होत नाही.

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास लागतात. “मला पाच तास पुरतात” असे अभिमानाने सांगणारे बरेच भेटतात. त्यांतले अनेकजण बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये दांडीला धरून उभ्या उभ्या डुलक्या घेत असतात. एवढ्यावरून ती पाच तासांची झोप पुरते की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

घोरणाऱ्यांपैकी कोणाला धोका?

सुप्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी रात्री मुंबईत जुहूच्या रुग्णालयात निधन झाले. त्यांचे वय ६९ होते. त्यांना इतरही आजार होते, परंतु मृत्यूचे कारण म्हणून डॉक्टरांनी जे नाव सांगितले ते होते ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’. दुसऱ्या दिवशी हे नाव वर्तमानपत्रांत आले, तेव्हा पुष्कळांनी ते प्रथमच वाचले असेल. त्यानंतर काही दिवस दवाखान्यात येणारे लोक “डॉक्टर, घोरण्याने माणूस मरतो का हो?” असे विचारू लागले. पुढे तो विषय मागे पडला.

या विकाराला आपण ‘झोपेत श्वास अडणे’ म्हणू. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की जीभ व पडजीभ मागे सरकून श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जो आवाज होतो ते घोरणे. वाट पूर्ण बंद झाली की आवाजही बंद होतो. छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ असे चालते. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू धोक्याची सूचना देतो, माणूस क्षणभर जागा होतो, मोठा आचका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला पाचपेक्षा कमी वेळा असे होत असेल तर ते सामान्य समजतात. पंधरापासून पुढे मध्यम आणि तीस वा त्याहून अधिक वेळा झाल्यास तीव्र विकार मानतात. तीव्र विकाराच्या माणसाची झोप म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणीतरी हलवून उठवल्यासारखी असते.

हा आजार श्रीमंतांचा किंवा पाश्चात्त्यांचा आहे, असे समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला होता. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९.५ टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडण्याचा दोष आढळला, आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसा पेंग येण्याचा त्रासही होता. ही माणसे झोपेची तक्रार घेऊन आलेली नव्हती, हे लक्षात घ्यावे. या हिशेबाने शहरातील अशा वयाच्या दर पाच पुरुषांमागे जवळपास एकाचा श्वास रात्री अडतो.

वजन जास्त असणे, मान जाड असणे (शर्टाची कॉलर सोळा-सतरा इंचांपुढे गेलेली), रात्री मद्य घेणे ही कारणे नेहमीची. परंतु जबड्याची ठेवण लहान असेल तर सडपातळ माणसालाही हा विकार होतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्येही त्याचे प्रमाण वाढते. स्त्रियांची तक्रार बहुधा निराळी असते. त्या “थकवा येतो”, “सकाळी डोके दुखते”, “मध्येच जाग येते” असे सांगतात. त्यांचे घोरणे घरात कोणी बोलून दाखवत नाही, आणि मग त्यांना वर्षानुवर्षे टॉनिकच्या बाटल्या दिल्या जातात.

उपचार न केल्यास पुढे काय होते? रक्तदाब वाढतो आणि दोन-तीन औषधांनीही आटोक्यात येत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर साखर हट्टीपणा करते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते आणि दोष प्रोस्टेटवर ढकलला जातो. याखेरीज दिवसाची पेंग आहेच. रिक्षा, ट्रक, एस. टी. किंवा शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला ही पेंग येत असेल, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या जिवाचा राहत नाही. घाटात पहाटे झालेल्या अपघातानंतर “चालकाचा डोळा लागला” असे आपण वाचतो व पान उलटतो. त्या चालकाच्या घोरण्याची चौकशी कधी कोणी केली होती का, हे मात्र विचारत नाही.

निदान करणे अवघड नाही. रात्रभर शरीराला तारा जोडून श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके व मेंदूचे तरंग नोंदवण्याची तपासणी असते. अनेक रुग्णांची साधी तपासणी घरीही करता येते. विकार सौम्य असेल तर वजन उतरवणे, मद्य सोडणे व कुशीवर झोपणे यांनीही पुष्कळ फरक पडतो. मध्यम व तीव्र विकारासाठी ‘सीपॅप’ नावाचे यंत्र आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते प्रथम वापरले. नाकावर लावलेल्या मुखवट्यातून हे यंत्र हवेचा हलका दाब देते आणि श्वासाची वाट उघडी ठेवते. यंत्राची किंमत हजारोंच्या घरात आहे, मुखवट्याची सवय व्हायलाही वेळ लागतो, हे खरे. परंतु योग्य रुग्णाला काही दिवसांतच आपण किती वर्षे अर्धवट झोपेत वावरत होतो हे समजते. महागड्या गादीसाठी व मोबाईलसाठी पैसे काढणाऱ्यांनी हा खर्चही त्याच तराजूत तोलून पाहावा.

झोप न येणे आणि गोळीचा मोह

दुसरी मोठी तक्रार निद्रानाशाची. चार दिवस झोप लागली नाही तर तो आजार नव्हे. घरात आजारपण, मुलीचे लग्न, परीक्षेचा निकाल असे काही असले की कोणाचीही झोप उडते. मात्र आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, असे तीन महिने चालले आणि दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर तो जुनाट निद्रानाश समजावा.

अशा वेळी रुग्णाची पहिली मागणी गोळीची असते. “शेजारच्या काकूंना जी दिली तीच लिहून द्या” असेही सांगतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. हा नियम उगीच केलेला नाही. या गोळ्यांची शरीराला सवय लागते, मात्रा वाढत जाते, म्हातारी माणसे रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतात व मांडीचे हाड मोडून घेतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याचा श्वास झोपेत अडतो, त्याला अशी गोळी दिल्यास घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात आणि मेंदूची धोक्याची सूचनाही मंदावते. घोरणाऱ्या माणसाने झोपेची गोळी परस्पर घेणे म्हणूनच धोक्याचे आहे. मद्य व गोळी एकत्र तर कधीही घेऊ नये.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. जे अनेक महिने अशा गोळ्या घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून त्या एकदम बंद करू नयेत. एकदम बंद केल्यास बेचैनी, थरथर, क्वचित फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करावी.

मग उपाय काय? अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून सवयी व विचार बदलण्याची पद्धत सुचवली आहे, गोळी नव्हे. तिची मुख्य सूत्रे घरीही पाळता येतात. रात्री केव्हाही झोपलात तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीही. झोप आली तरच अंथरुणावर जा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी बसा, मंद उजेडात काही कंटाळवाणे वाचा, आणि पेंग आली की परत या. अंथरुणावर बसून हिशेब, मोबाईल, मालिका हे प्रकार बंद करा. दुपारची झोप वीस मिनिटांवर आणा. चहा-कॉफीतील कॅफिनचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात राहतो. तेव्हा चारनंतरचा चहा सोडून पाहा. सकाळच्या उन्हात अर्धा तास चाला. एका खोलीच्या घरात वेगळी जागा कोठून आणायची, असे आमच्या चाळीतले रुग्ण विचारतात. त्यांना मी सांगतो, जागा नसेल तर भिंतीला टेकून बसा, पण आडवे पडून कूस बदलत राहू नका.

एक गोष्ट विसरू नये. पहाटे तीन-चारला जाग येते, मन उदास असते, कशातच रस वाटत नाही, असे दोन आठवडे चालले, तर हे नैराश्याचे लक्षण असू शकते. त्यावर चांगले उपचार आहेत. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

पायांची वळवळ व छातीवरचे ‘भूत’

“रात्री पडले की पायांत मुंग्यांसारखे वळवळते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चालले की बरे वाटते.” ही तक्रार विशेषतः स्त्रिया करतात. घरच्यांना ते नखरे वाटतात. हा एक ओळखीचा विकार आहे आणि शरीरातील लोहाची कमतरता हे त्याचे नेहमीचे कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. हे पाहता पाय चेपून घेण्याबरोबर रक्ताची व लोहाच्या साठ्याची तपासणीही करून घ्यावी. गर्भारपणात व मूत्रपिंडाच्या आजारातही हा त्रास होतो.

दुसरा प्रकार घाबरवणारा आहे. पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. यावरून अंगारे-धुपारे व उतारे होतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना मुद्दाम सैल ठेवतो. क्वचित जाग आधी येते व स्नायू मागाहून जागे होतात, एवढेच हे प्रकरण आहे. अपुरी झोप व उताणे झोपणे यांनी ते वाढते. एक-दोन मिनिटांत ते आपोआप जाते. मात्र वारंवार असे होत असेल आणि दिवसा बोलता बोलता, जेवता जेवता झोप लागत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. तसेच उतारवयातील माणूस झोपेत ओरडू लागला, स्वप्नात हाणामारी करू लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. कंपवाताच्या आधी काही वर्षे हे लक्षण दिसू शकते.

मुलांची व रात्रपाळीवाल्यांची झोप

लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, झोपेत खूप घामेजत असेल, तर “बाबांवर गेलाय” म्हणून हसू नये. नाकामागच्या गाठी व टॉन्सिल वाढल्याने श्वास अडत असतो. अशी मुले दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिडी व चंचल होतात, अभ्यासात मागे पडतात आणि त्याबद्दल मार खातात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्यावर खात्रीचा इलाज आहे.

मुलांच्या अपुऱ्या झोपेची दखल आपल्या शासनालाही घ्यावी लागली. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. तो योग्यच होता. मात्र शाळा उशिरा भरते म्हणून घरातला टी.व्ही. बारापर्यंत चालू राहणार असेल, तर त्या आदेशाचा उपयोग शून्य. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे. नियमात सणांच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. ती सूट म्हणजे आपला हक्क समजणाऱ्या मंडळांनी शेजारच्या इमारतीत तान्ही मुले, रुग्ण व पहाटेच्या पाळीचे कामगारही राहतात, हे ध्यानात ठेवावे.

रात्रपाळी करणाऱ्यांना, मग ते अंधेरीच्या सीप्झमधले असोत, रुग्णालयातल्या परिचारिका असोत की इमारतीचे रखवालदार, घरच्यांचे सहकार्य लागते. सकाळी ते झोपले की खिडकीला जाड पडदा लावा, दाराची बेल बंद ठेवा, आणि बाजारहाटासाठी त्यांना मध्येच उठवू नका. पाळी संपल्यावर पेंग येत असेल तर त्यांनी स्वतः वाहन चालवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर वेळ काढून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा.

१. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, गुदमरून किंवा आचका देऊन जागे होणे.
२. पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येणे. विशेषतः वाहन किंवा यंत्र चालवताना.
३. सकाळी डोकेदुखी, तोंडाला कोरड; औषधे घेऊनही न उतरणारा रक्तदाब.
४. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप न लागणे.
५. झोपेची गोळी महिन्याहून अधिक काळ घेत असणे.
६. पायांची वळवळ, झोपेत हाणामारी, मुलाचे रोजचे घोरणे.

आडवे पडले की दम लागतो व उठून बसावे लागते, किंवा रात्री छातीत दुखते, असे असेल तर मात्र थांबू नये. तो हृदयाचा त्रास असू शकतो. तातडीने रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. एक, दोन आठवड्यांची झोपेची वही : किती वाजता पडलो, केव्हा उठलो, किती वेळा जाग आली, चहा केव्हा घेतला. दुसरी, शेजारी झोपणारे माणूस. घोरणाऱ्याला आपले घोरणे ऐकू येत नाही. “डॉक्टर, हे मध्येच एकदम गप्प होतात आणि माझाच जीव वर-खाली होतो” हे पत्नीचे एक वाक्य अनेकदा निदानाची दिशा दाखवते. घोरण्याचे दोन मिनिटांचे मोबाईलवरील चित्रण असेल तर फारच उत्तम. सरकारी व महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत छातीच्या किंवा कान-नाक-घसा विभागात पुढील तपासणीची चौकशी करता येते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. रक्तदाबाची वा साखरेची चिठ्ठी लिहिताना प्रत्येक रुग्णाला तीन प्रश्न विचारावेत : घोरता का, दिवसा पेंग येते का, सकाळी ताजेतवाने वाटते का? यास अर्धे मिनिट लागते. उत्तरे मिळाल्याशिवाय झोपेची गोळी लिहू नये. आणि वाचकहो, तुमच्या डॉक्टरांनी हे विचारले नाही, तर तुम्ही स्वतः सांगा. आज रात्री घरातले कोणी घोरू लागले तर कुशीवर वळवण्याआधी दोन मिनिटे जागे राहून त्यांचा श्वास नीट चालतो का, तेवढे पाहून घ्या.